नदीकाठच्या कॅम्पवर उन्हाळी नोकरी केलीय का कुणी?

पौडफाटा: काल एका जीपच्या टपावर हवा काढलेला राफ्ट बांधलेला दिसला आणि ओल्या लाइफ जॅकेटांचा तो वास नाकात आला. टीवायची परीक्षा झाल्यावर एक सीझन कर्नाटकात गणेशगुडीजवळ काळी नदीच्या काठी एका लॉजवर होतो. घरी सांगितलेलं, राफ्टिंग शिकायला चाललोय. प्रत्यक्षात जॅकेटं उलटी करून दोरीवर टाकण्यातच दिवस जायचे. आतला फोम वाळतच नाही, पाहुणे नाकं मुरडणारच. नदीचं वेळापत्रक वरच्या सुपा धरणाच्या वीजघराच्या हातात. सकाळी खडक उघडे, आम्ही घोटाभर पाण्यात भांडी घासत बसलेलो. वर टर्बाइन सुरू झालं की बघता बघता पाणी चढायचं. आमचा आचारी जोयड्याचा, खडकावरच्या एका ओरखड्याकडे बघून ओरडायचा, "कढया उचला!"
लिहा तुमचंही. लॉज, कॅम्प, काहीही चालेल.

शनिवारपेठी: नदीत भांडी?? साबण लावून?

पौडफाटा: राख आणि नारळाची शेंडी हो

वाळूतला पुणेकर: शिवपुरी, ऋषिकेशच्या वर. मे महिन्यात बर्फ वितळून आलेलं पाणी, पाय घातला की पोटरीत कळ. तंबू वाळूवर. पोळीत वाळू, कानात वाळू. संडास म्हणजे खड्डा, वर तंबू. तो खड्डा अधूनमधून हलवायचा आणि जुना कुठे होता हे लक्षात ठेवायचं खातं माझ्याकडे (जेवत असाल तर माफ करा). जूनअखेर सगळं गुंडाळायचं, जुलै-ऑगस्ट राफ्टिंग बंद. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये हरित लवादाने त्या पट्ट्यातले काठावरचे कॅम्प बंद केले. वाईट वाटलं, पण ते खड्डे बघितलेल्या माणसाने काय वाद घालावा!

लेकीची आई: माझी लेक बारावी झाली, कोलाडला जाते म्हणतेय. पैसे किती देतात? मुलींची राहायची सोय असते का? घाईत लिहितेय, कुकर लावलाय

कुंडलिकाकाठ: ताई, अठरा पूर्ण आहेत ना? राहणं-जेवण, थोडे पैसे, बाकी टिपा. मुलींची खोली वेगळी आहे का ते फोनवर विचारू नका, ताम्हिणीतून जाऊन डोळ्यांनी बघून या.
गंमत म्हणजे तिथे राफ्ट चालतात ते आपल्या मुळशीच्या पाण्यावर. भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत सोडतात. म्हणून राफ्टिंग सकाळी, पाणी ओसरलं की नुसते गोटे. मग अकराला उगवणारे पाहुणे, "पैसे भरलेत, पाणी सोडायला सांगा!"

शनिवारपेठी: पुण्याचेच असणार

नदीपात्र रोड: आमच्याकडे उलटं. खडकवासल्यातून सोडलं की गाड्या काढायला पळा

रानवाटा: गणेशगुडीला धनेश दिसायचे का? मी लोंढ्याला उतरून गेलेले, नुसता आवाज ऐकून परत

पौडफाटा: रोज! स्वयंपाकघरामागच्या उंबरावर. पाहुणे कॅमेरे घेऊन जंगलात आणि हे आमच्या डोक्यावर उंबरं टाकत बसलेले

लेकीची आई: अठरा ऑगस्टमध्ये होतील. म्हणजे पुढच्या वर्षीच. कोथरूडच्या बाजूला पोहण्याचा चांगला क्लास आहे का?

कुंडलिकाकाठ: पोहणं शिकवाच. पण जॅकेट कसं तपासायचं तेही शिकवा. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढायचं. कानापर्यंत आलं तर सैल, परत आवळा.

रानवाटा: क्लासचं मलाही कळवा, मुलगा सात वर्षांचा आहे, संध्याकाळची बॅच हवीय