रोज जीव तोडून पळायलो तरी सोळाशेचं टायमिंग येईना. इथिओपियावाले नेमकं काय करतेत?

केजचा_गडी
रामराम मंडळी. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, काढायलोय. सोळाशे मीटरला वीसपैकी वीस मार्क पाहिजेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांत यावं लागतं, अन् माझं घोडं साडेपाचाच्या आसपास अडकलंय. अकॅडमीतले सर म्हणतेत, रोज फुल ताकदीनं पळ, टायमिंग आपोआप येतंय. म्हणून पहाटे मांजरसुंब्याच्या रोडला आम्ही सगळी पोरं रोज एकमेकाला मागं टाकत पळतो. आता दोन्ही नडग्या दुखायल्यात, जिना उतरताना कळ निघते. रूमवरचा एक जण म्हणतो, इथिओपियावाले अनवाणी पळून ऑलिम्पिक मारतेत, तू बी बूट काढ. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ बघितले तर ते झाडीत रांगेनं निवांत पळायलेत. ह्यातलं खरं काय? कुणाला ठाऊक असलं तर सांगा.

बालाघाट_एक्सप्रेस
भाऊ, उगं डोक्याला ताप करून घेऊ नको. ते लोक जन्मापासून साडेसात-आठ हजार फुटांवर राहतेत, त्यांचं रक्तच वेगळं. आपली बरोबरी होत नसती. गोळाफेकीवर जोर दे.

लातूरचे_मास्तर
केजच्या बाळा, मी इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबाला, काही वर्षं कॉलेजात शिकवायला होतो. आपल्याकडचे बरेच प्राध्यापक तिकडं जातात. मी स्वतः कधी बसमागंसुद्धा पळालो नाही, पण पाहिलं भरपूर.

आधी अनवाण्याचं निकालात काढू. त्यांचा अबेबे बिकिला 1960 ला रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हे खरं. मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून तो तसाच उतरला. पुढं 1964 ला टोकियोत अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहा आठवडेही झाले नव्हते, तरी परत जिंकला, रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात. तेव्हा पायात बूट होते. त्यामुळं मित्राला म्हणावं, तुझं ज्ञान तुझ्यापाशी ठेव. डांबरावर तर अनवाणी अजिबात नको.

आता ती रांग. आदिसच्या डोक्यावर एन्तोतोचा डोंगर आहे, मेनेलिक राजाच्या काळापासून तिथं नीलगिरी लावलेली. पहाटे अंधारात पोरं-पोरी बसनं वर जातात. एकटं सहसा कुणी जात नाही. एक तर तिकडं तरसं फिरतात, अन् दुसरं म्हणजे एकट्यानं पळणं हे त्यांच्या लेखी सरावात धरतच नाहीत. एक जण पुढं, बाकीचे त्याच्या पावलाला पाऊल मिळवून मागं. पुढचा सरळ वाटेनं नेतच नाही. झाडांमधून आडवं, तिरकं, परत खाली, एखाद्या बुंध्याला वळसा घालून पुन्हा वर. पायाखाली पाचोळा अन् भुसभुशीत माती, त्यामुळं नडगीला दणका बसत नाही. वेग इतका कमी की एकदा माझ्यासारखा पोट सुटलेला माणूस शेजारून झपाझप चालत थोडा वेळ त्यांच्याबरोबर राहिला! त्यात मॅरेथॉनला किलोमीटर तीन मिनिटांत काढणारी पोरं होती. त्या दिवशी अगदी सावकाश चालली होती, अन् कुणालाही त्याची लाज नव्हती. मधूनच कुणी जोर करून पुढं घुसला तर बाकीचे त्यालाच बोलतात. दुसऱ्या दिवशीची ताकद आज उधळतोस म्हणून.

जोराचा दिवस वेगळा. त्या दिवशी ट्रॅक, नाहीतर खाली अकाकीकडं कच्च्या रस्त्यावर, तिथं ऊन जास्त अन् उंची कमी. तेव्हा मात्र कोण कुणाचा नसतो. असे दिवस आठवड्यात दोन-तीनच. बाकी हळू पळणं, रांगेनं करायचे व्यायाम अन् झोप. दुपारी झोपतात म्हणजे खरंच झोपतात, मोबाइल घेऊन आडवे पडत नाहीत.

बालाघाट, उंचीचा फायदा आहेच. हवा विरळ असली की रक्तात तांबड्या पेशी वाढतात. पण उंचीवर लाखो लोक राहतात. मग बेकोजीसारख्या एका लहानशा गावातून देरार्तू तुलू, फातुमा रोबा, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा एवढे ऑलिम्पिक विजेते कसे निघाले? तिथं सेंतायेहू एशेतू नावाचे शाळामास्तर होते, त्यांनी पोरं हेरली, रोज मैदानावर आणली. शिवाय पळण्यात पोट आहे. बँक, वीज कंपनी, लष्कर यांचे क्लब खेळाडूंना पगार देतात. तुमच्या भरतीसारखंच समजा.

अन् आपल्याकडं बघायचं तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, केनियाचा किबिवोत 8:11.15 अन् आपला गडी 8:11.20. मांडवा काय आठ हजार फुटांवर आहे?

खोखोवाली_धाराशिव
सर, पोरींचं पण सांगा ना. मी आठशे मीटर करते, मला दोन पन्नासच्या आत यायचंय. आमच्या गावात पोरगी पहाटे रोडला दिसली की दुसऱ्या दिवशी घरी निरोप येतो. अन् ते लोक खातात काय?

लातूरचे_मास्तर
बाई, निरोप आणणारे तिकडंही असतीलच. पण देरार्तूनं 1992 ला बार्सिलोनात दहा हजार मीटरचं सुवर्ण आणलं आणि चित्र पालटलं. 2023 ला त्यांचीच तिगिस्त असेफा बर्लिनच्या मॅरेथॉनला 2:11:53 मध्ये आली, तेव्हाचा विश्वविक्रम. अन् ती मुळातली आठशेवाली आहे, तुझ्याच अंतराची! तू तीन-चार मैत्रिणी जमव, म्हणजे घरच्यांनाही बोलायला कमी जागा राहते.

खाणं म्हणशील तर टेफ नावाच्या बारीक धान्याचं आंबवलेलं इंजेरा, म्हणजे आंबोळीसारखी मोठी पोळी, त्यावर डाळीचं नाहीतर शिरोचं, म्हणजे हरभऱ्यासारख्या डाळींच्या पिठाचं, कालवण. पळून आल्यावर बेस्सो, म्हणजे भाजलेल्या जवाच्या पिठाचं पेय. आपलं सातूचं पीठच म्हण. डब्यातली पावडर परवडत नसेल तर ज्वारीची भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे यावर काही अडत नाही.

केजचा_गडी
सर, पटलं. पण पोरांना हळू पळा म्हणलं की हसतेत. रोज कोण पुढं जातंय ह्याचीच पैज असती. अन् आमच्याकडं नीलगिरीचं रान कुठलं?

लातूरचे_मास्तर
रान नसू दे, डांबर सोडून शेताकडची गाडीवाट धर. हळूच्या दिवशी पुढं रोज नवीन पोरगा ठेवा अन् त्याला ओलांडायचं नाही एवढी एकच अट घाला. बोलता बोलता पळता आलं म्हणजे वेग बरोबर. पैज लावायचीच तर मंगळवार-शुक्रवारी ट्रॅकवर लावा, चारशेचे राउंड, मध्ये पुरती विश्रांती.

पण हे सगळं नंतर. आधी नडगीच्या हाडावरून बोट दाबत खाली जा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर थोडे दिवस आराम करून बघ. एकाच जागी बोटाएवढ्या ठिकाणी ठणका लागला तर मात्र पळणं बंद, हाडाच्या डॉक्टरला दाखव. हाडाला बारीक चीर असली अन् तसाच पळत राहिलास तर ह्या वर्षीची भरती गेली समज.

केजचा_गडी
डाव्या पायाला एकाच जागी लागतंय सर. सोमवारी अंबाजोगाईला दाखवून येतो अन् इथं टाकतो.