स्टर्जेसने दिग्दर्शनाच्या नादी लागायला नको होतं

चष्मेबहाद्दर: काल पुन्हा 'इझी लिव्हिंग' (१९३७) पाहिला. गच्चीवरून भिरकावलेला फरचा कोट उघड्या बसमध्ये बसलेल्या जीन आर्थरच्या डोक्यावर पडतो आणि तिथून जी काही धमाल उडते! पटकथा हॉलिवूडच्या प्रेस्टन स्टर्जेसची, दिग्दर्शन मिचेल लायसनचं. पण स्टर्जेस हट्टाला पेटला. 'द ग्रेट मगिंटी'ची पटकथा त्याने पॅरामाउंट स्टुडिओला अवघ्या १० डॉलरला दिली, अट एकच: दिग्दर्शन मीच करणार. १९४० च्या या सिनेमाने त्याला मूळ पटकथेचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळवून दिलं, मान्य. पण १० वर्षांत सगळा खेळ आटोपला की! त्याला आवरणारा कुणीतरी हवा होता.

रीळ_नं_३: अजिबात पटलं नाही. त्याने स्वतः लिहून दिग्दर्शित केलेल्या 'द लेडी ईव्ह'मधला बोटीवरचा जेवणाचा हॉल आठवा. बार्बरा स्टॅनविक हातातल्या छोट्या आरशात हेन्री फोंडाला न्याहाळते आहे. एकेक मुलगी त्याला गटवायला बघते आणि ही त्याच्याकडे पाठ करून धावतं समालोचन करते. तो आरसा किती वेळ धरायचा, हे ती वाक्यं ज्याच्या कानात वाजत होती त्यालाच कळणार. लायसनने प्रसंग देखणा केला असता. हसू आलं असतं का, शंका आहे.

चष्मेबहाद्दर: स्टॅनविकच हवी तर 'रिमेंबर द नाइट' घ्या. पटकथा स्टर्जेसचीच, पण लायसनने तिला कात्री लावली आणि सिनेमा सुटसुटीत झाला. स्वतःच्या वाक्यांवर कात्री चालवायला लेखकाचा हात धजत नाही हो.

पडद्यामागचा: दोघंही १९४४ विसरताय. 'द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक' आणि 'हेल द कॉन्करिंग हीरो', दोन्ही पटकथांना एकाच वर्षी ऑस्कर नामांकन! दिग्दर्शक होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. गाडी घसरली ती पॅरामाउंट सोडून उद्योगपती हॉवर्ड ह्यूजशी भागीदारी केल्यावर.

चष्मेबहाद्दर: म्हणजे पॅरामाउंट होतं तोवर ठीक, सुटल्यावर घसरण. मी वेगळं काय म्हणतोय?

रीळ_नं_३: त्याच पॅरामाउंटने इथरने भूल देणाऱ्या दंतवैद्याची गोष्ट, 'द ग्रेट मोमेंट', त्याच्या मनाविरुद्ध कापून नव्याने जोडली. तोही १९४४ चाच. बघून या, मग 'आवरणाऱ्या'विषयी बोलू.