जपानची पहिली फेरी: सहल कंपनीबरोबर की एकटीने?

रानजाई यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या नोव्हेंबरच्या उत्तरार्धात बारा दिवसांसाठी जपानला जावे, असे मनात आहे. माझे वय अठ्ठावन्न आहे आणि नुकतीच निवृत्त झाले आहे. परदेशी याआधी एकदाच गेले होते, तेही नातेवाइकांकडे राहण्यासाठी, त्यामुळे परक्या देशात स्वतःचे तिकीट स्वतः काढण्याचा प्रसंग आजवर आलेला नाही.

एका सहल कंपनीचा नऊ दिवसांचा कार्यक्रम समोर आहे. त्यात टोकियो, फुजी पर्वताचा परिसर, क्योतो, नारा, हिरोशिमा आणि ओसाका इतके सारे बसवले आहे, आणि खोलीत एकटीने राहायचे असल्यास वेगळे जादा शुल्क आहे. दुसरा पर्याय म्हणजे विमानाचे तिकीट आणि हॉटेले स्वतः ठरवून एकटीने जाणे. क्योतोतली लाल झालेली मेपलची पाने, नाऱ्याचा मोठा बुद्ध आणि हिरोशिमाचे स्मृती संग्रहालय या तीन गोष्टी मला सवडीने पाहायच्या आहेत, बाकीचे राहिले तरी खंत नाही. अडचणीही तीनच आहेत. जपानी भाषेचा गंध नाही, अंडे चालते पण मासे आणि मांस अजिबात खात नाही, आणि उजवा गुडघा जिने फार झाले की कुरकुरतो. ज्यांनी यांपैकी कोणताही एक मार्ग प्रत्यक्ष अनुभवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट यांचे उत्तर

मी कामानिमित्त सहा वर्षे ओसाकात राहिलो आणि त्या काळात घरच्या अनेक मंडळींना जपानभर फिरवले, तेव्हा माझे मत एकटीने जाण्याच्या बाजूने झुकलेले आहे, हे आधीच सांगतो.

भाषेची भीती बरीचशी अनाठायी आहे. स्थानकांची नावे रोमन लिपीतही लिहिलेली असतात आणि टोकियोच्या भुयारी रेल्वेत प्रत्येक स्थानकाला अक्षर आणि क्रमांक असतो, उदाहरणार्थ गिंझा मार्गावरील असाकुसा हे ‘जी १९’ आणि उएनो हे ‘जी १६’. नाव विसरले तरी आकडे मोजत योग्य ठिकाणी उतरता येते. खरी गफलत गाडीत होत नाही, ती स्थानकातून बाहेर पडताना होते. शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत आणि चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर हॉटेल समोर दिसत असूनही पंधरा मिनिटे चालावे लागते. तुमच्या गुडघ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लिफ्ट बहुतेक स्थानकांत असते, पण ती एखाद्या ठरावीक दारापाशीच असते. म्हणून हॉटेल निवडताना स्थानक किती दूर आहे, एवढेच न पाहता लिफ्टचे दार कोणत्या बाजूला उघडते, तेही नकाशावर पाहून घ्यावे. हा कंटाळवाणा उद्योग घरी बसून तासाभरात होतो, आणि तिथे गेल्यावर मात्र त्याचे मोल रोज कळते.

विमानाचे तिकीट जाताना टोकियोचे आणि परतताना ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळाचे काढावे, म्हणजे परतीसाठी पुन्हा टोकियो गाठण्यात एक दिवस वाया जात नाही. बारा दिवसांचे वाटप मी असे करीन: टोकियो चार रात्री, क्योतो पाच, हिरोशिमा दोन, आणि शेवटची एक ओसाकात. नाऱ्यासाठी वेगळा मुक्काम नको. क्योतोहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते.

रेल्वेच्या सात दिवसांच्या पासाबद्दल अनेक जण जुनी माहिती सांगतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. तुमच्या मार्गावर टोकियो ते क्योतो सुमारे १४,००० येन, आणि क्योतो ते हिरोशिमा व हिरोशिमा ते ओसाका हे दोन टप्पे प्रत्येकी त्याहून कमी, म्हणजे सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. शिवाय सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीत बसायचे, तर पास असूनही वेगळे पैसे भरावे लागतात. टोकियोहून निघताना ‘ई’ रांगेतले आसन मागून घ्या. हवा स्वच्छ असेल, तर पाऊण तासाच्या आसपास उजव्या हाताच्या खिडकीतून फुजी दिसतो. शहरातल्या गाड्या आणि बससाठी सुइका किंवा तत्सम, आधी पैसे भरून वापरायचे कार्ड घ्यावे. आयफोनवर ते थेट घेता येते, मात्र जपानबाहेर विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर चालत नाही.

मोठी बॅग स्वतः ओढू नका. हॉटेलच्या स्वागतकक्षातून ‘ताक्क्युबिन’ सेवेने टोकियोची बॅग क्योतोच्या हॉटेलकडे रवाना करता येते आणि ती सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते. एका रात्रीपुरते कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावेत. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग शिंकान्सेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये, न्यायची असेल, तर तिच्यासाठी मागे जागा असलेले ठरावीक आसन आधी राखून ठेवावे लागते, ही कटकटही त्यामुळे टळते.

एकटीने जाण्याचा एक फायदा कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात प्रत्येक सहल जाते, परंतु तिथून थोडे चालल्यावर मात्सुचियामा शोदेन नावाचे एक लहान मंदिर लागते. तिथली देवता म्हणजे बौद्ध परंपरेतून जपानला पोहोचलेला आपला गणपतीच. मूर्ती दर्शनासाठी खुली नसते आणि नैवेद्याला मोदक नाही, चक्क पांढरा मुळा वाहतात. माझ्या आईला सेन्सोजीपेक्षा तो मुळ्यांचा ढीग जास्त आठवतो.

घड्याळ यांचे उत्तर

वरील उत्तर माहितीपूर्ण आहे, परंतु सहा वर्षे तिथे राहिलेल्या माणसाला जे सोपे वाटते, ते पहिल्यांदा जाणाऱ्याला तसेच वाटेल, असे नाही. मी आणि पत्नी दोन वर्षांपूर्वी सहल कंपनीबरोबर गेलो होतो, तेव्हा माझे वय चौसष्ट होते. आम्हाला त्याचा पश्चात्ताप नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका गृहस्थांना ताप भरला, तर टूर लीडर त्यांना दवाखान्यात घेऊन गेला, दुभाषाचे काम केले, औषधे आणून दिली आणि संध्याकाळी गटही सांभाळला. एकट्या माणसाला हे जमत नाही असे मी म्हणत नाही, पण आजारी असताना परक्या भाषेत अर्ज भरण्याची कल्पना करून पाहा.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो, कारण तुमच्या तीन इच्छा वाचून मला थोडी काळजी वाटली. हिरोशिमाच्या संग्रहालयात आम्हाला पन्नास मिनिटे मिळाली. त्या दालनांत जळालेल्या शाळकरी मुलांचे कपडे आहेत, त्यांचे डबे आहेत, आणि अणुबॉम्ब पडला त्या क्षणी, सकाळी सव्वाआठला, थांबलेले घड्याळ आहे. अशा वस्तूंपुढून रांगेने पुढे सरकत जायचे आणि बाहेर आल्यावर कोण मागे राहिले, म्हणून डोकी मोजायची, हे मला आजही खटकते. प्रवेशशुल्क २०० येन असलेल्या त्या वास्तूत मी स्वखर्चाने पुन्हा एक पूर्ण दिवस काढायला तयार आहे.

दुसरे म्हणजे जेवण. रोज संध्याकाळी भारतीय उपाहारगृहात टेबल राखून ठेवलेले असे, आणि शाकाहारी मंडळींची त्यामुळे मोठी सोय झाली, हे खरे. परंतु क्योतोत झाडांवर नुकते दिवे लागत होते आणि आम्ही बसमध्ये बसून पनीर खायला निघालो होतो. शिंकान्सेनचा प्रवासही पत्रकात ठळक अक्षरांत होता, प्रत्यक्षात आमच्या वाट्याला तो पंचवीस मिनिटांचा आला, कारण उरलेले अंतर बसने कापायचे होते.

म्हणून कंपनीने जायचे ठरवलेत, तर पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती मिनिटे देणार, कोणते ठिकाण आतून दाखवणार आणि कोणते केवळ बसच्या खिडकीतून, हॉटेल स्थानकाजवळ आहे की शहराबाहेर, आणि एखादा दिवस गट सोडून स्वतंत्र फिरण्याची मुभा आहे का. गुडघ्याबद्दल सांगायचे, तर बस दाराशी नेऊन सोडते, हा गैरसमज काढून टाका. वाहनतळापासून मंदिरापर्यंतची चाल असतेच, आणि ती गटाच्या वेगाने चालावी लागते.

कोथिंबीर यांचे उत्तर

मी फक्त जेवणाबद्दल लिहिते, कारण मी शाकाहारी आहे आणि एकटीने दहा दिवस काढून आले आहे.

जपानमध्ये शाकाहाराची अडचण ताटात दिसणाऱ्या माशाची नसते, न दिसणाऱ्या माशाची असते. ‘दाशी’ नावाचे मूळ रसपाणी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून बनवतात आणि ते मिसो सूपमध्ये, सोबा आणि उदोन या शेवयांच्या रश्श्यात, तेंपुरा या भज्यांसारख्या तळणीबरोबरच्या चटणीपाण्यात, इतकेच काय, भाज्या शिजवतानाही वापरतात. ‘मांस नाही ना?’ असे विचारल्यास वाढणारा मनापासून ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी दाशी म्हणजे मांस नव्हे. म्हणून मांस, मासे आणि दाशी या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेला जपानी मजकूर छापून जवळ ठेवावा आणि बसण्यापूर्वी दाखवावा. काही ठिकाणी नम्रपणे नकार मिळेल. त्याचा राग मानू नये, कारण खोटे बोलून वाढण्यापेक्षा ते बरे.

क्योतोत मात्र तुमची चंगळ आहे. बौद्ध मठांची ‘शोजिन र्योरी’ ही परंपरा मांस-मासे पूर्णपणे वर्ज्य करते आणि तिची दाशी समुद्री शेवाळ आणि शिताके अळंब्यांची असते. क्योतोच्या आराशियामा भागातील तेन्र्युजी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सु’ या उपाहारगृहात असे जेवण मिळते. टोकियो स्थानकाच्या आत ‘टीज तानतान’ येथे संपूर्ण वनस्पतिजन्य रामेन, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, मिळते, आणि ‘कोको इचिबानया’ या साखळीच्या अनेक शाखांत शाकाहारी करी वेगळी मागता येते. मंदिरांजवळची टोफूची जेवणे पाहून लगेच भुलू नका, सोबतच्या रसात बहुधा दाशी असते. उरलेल्या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानांतील उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ घातलेला भाताचा त्रिकोण, केळी आणि उकडलेली अंडी यांवर माझे बरे चालले. अंडे चालत असल्यामुळे तुम्हाला माझ्याइतका त्रास होणार नाही.

रानजाई यांचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. घड्याळ यांनी लिहिलेली पन्नास मिनिटे वाचून माझा निर्णय जवळजवळ झाला. एकटीने जाईन, परंतु आजारपणाबद्दल त्यांनी लिहिले ते डोक्यात राहिले आहे, म्हणून प्रवासविमा आणि औषधे यांची तयारी नीट करावी म्हणते. मला रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागतात आणि सर्दीचे औषधही मी नेहमी जवळ ठेवते. ते नेता येते का? तसेच पहिल्या एक-दोन दिवसांपुरता एखादा मार्गदर्शक मिळू शकेल का? आणि पाने पाहण्यासाठी कोणते दिवस धरावेत?

पायवाट यांचे उत्तर

औषधांचा प्रश्न विचारलात, हे फार बरे केलेत. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या एका महिन्याला पुरतील इतक्या वेगळ्या परवानगीशिवाय नेता येतात, फक्त त्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. सर्दीच्या औषधाचे घटक मात्र आजच वाचून पाहा. स्यूडोएफेड्रीनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेण्यास मनाई आहे, आणि अजाणतेपणी आणली, ही सबब तिथे चालत नाही. शंका असल्यास ते औषध घरीच ठेवा.

मार्गदर्शक मिळतात. सरकारमान्य परवाना असलेले दुभाषी मार्गदर्शक दिवसाच्या हिशेबाने येतात, आणि अनेक शहरांत स्वयंसेवक मार्गदर्शकांचे गट आहेत, जे मानधन घेत नाहीत, तुम्ही त्यांचा प्रवासखर्च आणि प्रवेशशुल्क द्यायचे असते. टोकियोतील पहिल्या दिवसासाठी असा सोबती घ्या आणि त्याच्याकडून मंदिरे पाहून घेण्याऐवजी कार्डात पैसे भरणे, स्थानकाचे दार शोधणे, बॅग रवाना करणे ही कामे स्वतःच्या हाताने, त्याच्या देखत करून घ्या. घड्याळ यांची शंका रास्त होती, आणि तिच्यावर मला सुचणारा हाच उपाय आहे.

क्योतोत पाने साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत ऐन रंगात येतात. २३ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी असते आणि तिच्या आसपास क्योतोत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा हॉटेल आत्ताच राखून ठेवा. ते फारच महाग वाटले तर ओसाकात राहा, रेल्वेने अर्ध्या तासाचे अंतर आहे. त्या दिवसांत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बरीच मंदिरे चार-पाचला बंद होतात, त्यामुळे सकाळी लवकर निघणे भाग आहे. क्योतोतल्या फुशिमी इनारी या डोंगरावरच्या देवस्थानाच्या लाल कमानी पाहण्यासाठी डोंगरमाथा गाठण्याची गरज नाही. पहिल्या काही वळणांपर्यंत जाऊन परत फिरलात, तर गुडघाही वाचेल आणि कमानीही पुरेशा पाहून होतील.

आणखी एक. भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी आता ई-व्हिसा मिळतो, पण तो विमानतळावर फोनवर इंटरनेट जोडूनच दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र ग्राह्य धरत नाहीत, म्हणून उतरल्याबरोबर इंटरनेट चालू होईल, अशी सोय निघण्यापूर्वीच करून ठेवा.