लेहला गेल्यावर जेवायचे कुठे : मुक्कामाच्या हॉटेलात की गावात?

वाटाड्या

लेहच्या सहलीचे आरक्षण करताना बहुतेक जण राहणे, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण असा एकत्रित दर मान्य करून मोकळे होतात. माझा या पद्धतीला विरोध आहे आणि तो चर्चेसाठी येथे मांडतो. लेह शहरात जेवढे दिवस मुक्काम असेल तेवढे दिवस हॉटेलकडून फक्त नाश्ता घ्यावा, दुपारचे आणि रात्रीचे जेवण गावात जाऊन करावे, असे माझे मत आहे.

हॉटेलातल्या बुफेत पनीरची भाजी, पिवळी डाळ, जिरा राईस, मिश्र भाजी, नूडल्स आणि शेवटी गुलाबजाम असा बेत असतो. मनालीत, सिमल्यात आणि गंगटोकमध्येही हाच बेत मांडलेला दिसतो. त्यातला तांदूळ, डाळ आणि तेल ट्रकमध्ये भरून, झोजी ला ही खिंड ओलांडून श्रीनगरकडून किंवा मनालीच्या रस्त्याने लेहला पोहोचते. याउलट ज्या प्रदेशात वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे बर्फाच्या वितळत्या पाण्यावर जव, गहू, वाटाणा, सलगम, बटाटा आणि जर्दाळू पिकवून लोकांनी स्वतःचा स्वयंपाक घडवला आहे. मुख्य बाजारातल्या पदपथावर आसपासच्या गावांतल्या बायका ताजी भाजी घेऊन ओळीने बसलेल्या असतात. ती भाजी ज्या ताटात पडते ते ताट सोडून आपण पनीर खात बसावे, हे मला पटत नाही.

स्क्यू हा पदार्थ उदाहरणादाखल घ्या. कणकेचा लहानसा गोळा तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबतात, त्यामुळे त्याला मधोमध खळगा पडतो. असे तुकडे सलगम, गाजर, बटाटा आणि हिरव्या पाल्याच्या दाटसर रश्श्यात शिजवतात आणि तो रस्सा खळग्यात साठून राहतो. छुतागी बहुतांशी याच जातीची, पण तिच्या कणकेला बो-टायसारखा आकार देतात. जव आणि वाटाण्याच्या पिठाचा पाबा ताकात कालवलेल्या रानभाजीबरोबर, म्हणजे तंगतूरबरोबर खातात. यातले काहीही बुफेच्या टेबलावर सहसा येत नाही.

सकाळी लवकर जाग आली तर जामा मशिदीच्या मागच्या गल्लीत जावे. तेथे जुन्या भट्ट्या आहेत. भट्टीवाला आत वाकून तंदूरच्या भिंतीवर रोटी थापतो आणि फुगून डाग पडले की लोखंडी आकड्याने ती ओढून काढतो. ती गरम रोटी किंवा जाड, आंबवलेली खंबीर लोणी आणि जर्दाळूच्या मुरांब्याबरोबर खाल्ली की हॉटेलातल्या ब्रेडची आठवण होत नाही.

मितभाषी

वाटाड्या यांचा स्थानिक अन्नाविषयीचा जिव्हाळा मला मान्य आहे, पण त्यांचा सल्ला सरसकट पाळला तर काही कुटुंबांना तो महागात पडेल.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या जवळपास दोन-तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. दिल्लीहून विमानाने निघालेला माणूस दीड तासाच्या आत या उंचीवर येतो आणि त्याच्या शरीराला जुळवून घेण्यास वेळच मिळालेला नसतो. म्हणूनच पहिले ४८ तास विश्रांती घ्या, असे लडाखमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. अशा वेळी संध्याकाळी जेवणासाठी लेहच्या चांग्स्पा भागातल्या चढावरून ये-जा करायची आणि हॉटेलात परतल्यावर धापा टाकत जिने चढायचे, यात शहाणपण नाही.

याहूनही गंभीर मुद्दा वेगळा आहे. उंचीवरच्या आजाराची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, उलटी आणि भूक न लागणे यांनी होते. बाहेरचे अन्न बाधले तरी मळमळ आणि उलटीच होते. पहिल्याच रात्री अनोळखी ठिकाणी, अनोळखी पदार्थ खाल्लेला माणूस पहाटे उलट्या करू लागला, तर तो पोटाने आजारी आहे की उंचीने, हे बरोबरच्यांनी कसे ओळखावे? पोट बिघडले असे समजून पुढचा प्रवास चालू ठेवला आणि खरे कारण उंची असेल, तर त्या समजुतीची किंमत जीवाने मोजावी लागू शकते. पहिल्या दोन दिवसांत अन्नाची शंका उरूच नये, यासाठी ताजे, साधे आणि ओळखीचे जेवण मुक्कामाच्या जागीच घ्यावे. ज्येष्ठ आणि लहान मुले बरोबर असतील तर यात तडजोड करू नये.

वाटाड्या

पहिल्या दोन दिवसांत वणवण करू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु तुमच्या युक्तिवादाचा दुसरा भाग बुफेच्या विरोधात जातो, असे मला वाटते. उंचीवर भूक मंदावते, शरीराला द्रव हवे असतात आणि तेलकट, जड अन्न नकोसे होते. लोण्यात परतलेले पनीर आणि तळलेले स्टार्टर ही त्या दिवसांची गरज नव्हे. गरम, पातळ, पिष्टमय आणि थोडेसेच खाता येईल असे थुक्पा (नूडल्सचे सूप) किंवा स्क्यू ही त्या दिवसांची गरज आहे.

शिवाय लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. उघड्या भांड्यात डाळ आणि भात नीट शिजायला फार वेळ लागतो, म्हणून सगळे प्रेशर कुकरवर अवलंबून असते. संध्याकाळी सातला कुकरमधून काढलेला भात नऊपर्यंत तापत्या भांड्यात पडून राहिला की कोरडा होऊन दडदडीत होतो. कणकेचे तुकडे रश्श्यातच शिजवून लगेच वाढायची पद्धत या हवेला आणि या उंचीला साजेशी आहे. उंचीचा विचार करायचा तर तो स्वयंपाकाच्या बाबतीतही करावा.

अन्नपूर्णा

मला तुमच्या दोघांचीही मांडणी अपुरी वाटते, कारण हॉटेल किंवा गाव अशी दोनच टोके धरली आहेत.

चांग्स्पा आणि फोर्ट रोडवरच्या किती ठिकाणी खरोखर लडाखी जेवण मिळते? पिझ्झा, पास्ता, इस्रायली थाळ्या, उत्तर भारतीय भाज्या आणि शेवटच्या पानावर तिबेटी विभागात मोमो व थुक्पा, असे मेन्यू कार्ड तेथे ठिकठिकाणी हाती पडते. त्यातली कितीतरी उपाहारगृहे उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांपुरती, बाहेरून आलेल्या लोकांनी चालवलेली असतात. त्या लोकांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे, पण हॉटेलचे जेवण सोडून तेथे गेल्याने लडाखी शेतकऱ्याच्या घरी पैसे पोहोचतात असे मानणे भाबडेपणाचे आहे. वाटाड्या यांनी वर्णन केलेला पाबा आणि तंगतूर त्या रस्त्यांवर शोधायला बराच वेळ लागेल.

खरा पर्याय आहे तो कुटुंबाने चालवलेल्या गेस्टहाउसचा. जुन्या लेहमध्ये, सांकरकडे आणि चांग्स्पाच्या आतल्या गल्ल्यांत अशी घरे आहेत. अंगणात भाजीचा वाफा असतो, मालकीणबाई स्वतः स्वयंपाक करतात आणि सकाळी सांगून ठेवले तर रात्री घरच्यांसाठी होणाऱ्या जेवणात पाहुण्यांचीही पाने मांडली जातात. मितभाषी यांना हवे असलेले ताजे, साधे जेवण तेथे मुक्कामाच्या जागीच मिळते आणि वाटाड्या यांना हवा असलेला पदार्थही त्याच चुलीवर होतो.

लेहबाहेर जाणार असाल तर आल्चीला दुपारी पोहोचेल असा दिवस आखावा. लेहपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, मठाच्या जवळच निल्झा वांगमो यांचे आल्ची किचन आहे. विस्मरणात चाललेले लडाखी पदार्थ त्यांनी पुन्हा ताटात आणले आणि त्यासाठी त्यांना २०१९ चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला. पारंपरिक स्वयंपाकघरासारख्या मांडणीत, आपल्या डोळ्यांदेखत पदार्थ तयार होतात. लडाखी जेवण एकदाच नीट बसून जेवायचे असेल, तर मी ती दुपार निवडेन.

मध्यान्ह

शाकाहारी प्रवाशांविषयी अजून कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. स्क्यू आणि थुक्पा भाज्यांचे होतात, तसेच मटणाचेही होतात आणि थंडीच्या प्रदेशात मटण घालणे स्वाभाविकच आहे. अडचण अशी की, भाज्यांचा म्हणून वाढलेल्या वाटीतला रस्सा पुष्कळदा हाडांच्या पाण्यावर केलेला असतो आणि दोन्ही प्रकारचे मोमो एकाच वाफेच्या भांड्यात, वरखाली ठेवून उकडलेले असतात. वाढणाऱ्याला यात फसवणूक केली असे वाटत नाही, कारण वाटीत मांसाचा तुकडा नसतो. ज्यांच्या घरात हा प्रश्न श्रद्धेचा आहे, त्यांना प्रत्येक ठिकाणी चौकशी करत बसणे अवघड जाते. अशा कुटुंबाने शाकाहारी स्वयंपाकघर असल्याची खात्री करून हॉटेल घेतले आणि तेथेच जेवले, तर त्यांना संकुचित म्हणू नये.

अन्नपूर्णा

मध्यान्ह यांचा मुद्दा योग्य आहे. मात्र "शाकाहारी आहे का?" असे न विचारता "रस्सा कशाचा आहे?" असे विचारले तर सरळ उत्तर मिळते. गेस्टहाउसमध्ये हे आदल्या दिवशी सांगता येते, बुफेच्या रांगेत उभे राहून कोणाला विचारणार?

नदीकाठ

कोणत्या महिन्यात जाणार, हे ठरल्याशिवाय हा वाद सुटणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लेहमध्ये जेवणाच्या जागांना तोटा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या झंस्कार नदीवर चालायला किंवा हिमबिबट्या पाहायला जाणाऱ्यांना चांग्स्पातली बहुतेक दारे बंद दिसतात, नळ गोठलेले असतात आणि मुक्कामाच्या घरी मिळेल ते जेवण हेच खरे जेवण असते. त्या दिवसांत शरद ऋतूत जमिनीखाली साठवलेले बटाटे, सलगम आणि वाळवलेल्या भाज्या ताटात येतात. ताज्या भाजीची मागणी करून यजमानांना अडचणीत टाकू नये.

उन्हाळ्यातही सगळे दिवस सारखे नसतात. पँगाँग सरोवराला जाऊन त्याच दिवशी परतायचे म्हटले की लेहला पोहोचेपर्यंत रात्र होते, अंग धुळीने भरलेले असते आणि बाजारातली स्वयंपाकघरे आवरायला लागलेली असतात. त्या रात्री हॉटेलातच खाली उतरून गरम सूप आणि पोळी मिळाली तर माणूस दुवा देतो. वाटाड्या यांनी असे दिवस आपल्या नियमातून वगळावेत.

पाण्याविषयीही लिहितो, कारण बाहेर जेवणारे तेथेच चुकतात. ८८ अंशांना उकळलेले पाणी पिण्यास सुरक्षित असते, फक्त दोन हजार मीटरच्या वर ते पूर्ण तीन मिनिटे खळखळ उकळू द्यावे लागते. बाहेर जेवताना दर वेळी बाटली विकत घेण्याऐवजी आपल्याच बाटलीत उकळलेले पाणी भरून मागावे, लेहमध्ये ही मागणी कोणाला विचित्र वाटत नाही. तेथील महिला आघाडीच्या चळवळीमुळे १९९८ पासून या गावाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी केलेली आहे. आपण रोज रिकाम्या बाटल्यांचा ढीग मागे ठेवून यायचे, हे बरे दिसत नाही.

मितभाषी

अन्नपूर्णा यांचा गेस्टहाउसचा पर्याय मला आवडला, तरी एक अडचण राहते. आम्ही तीन पिढ्या एकत्र प्रवास करतो. वयस्कर माणसांना खोलीला लागून न्हाणीघर, रात्रभर गरम पाणी आणि गरज पडली तर प्राणवायूची सोय लागते. जुन्या लेहमधली घरे सुंदर असली तरी उंबरे उंच आणि जिने अरुंद असतात आणि गाडी दारापर्यंत जात नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांना हॉटेलच घ्यावे लागते आणि हॉटेल घेतले की आई-वडिलांचे रात्रीचे जेवणही तेथेच ठेवावे लागते. तरुण मंडळींनी तिसऱ्या दिवसापासून खुशाल गावात जेवावे, पण सर्वांनी रोज बाहेरच जेवावे हा आग्रह मी मान्य करणार नाही.

वाटाड्या

नदीकाठ यांची पँगाँगच्या रात्रीची सूचना मी स्वीकारतो आणि हिवाळ्याविषयी त्यांनी लिहिलेलेही रास्त आहे. मितभाषी यांच्याशी मतभेद मात्र कायम आहे. आई-वडिलांना बाहेर नेता येत नसेल तर त्यांच्यासाठी तरी हॉटेलला स्क्यू करायला सांगावे. आचारी बहुधा बाहेरगावचा असतो हे खरे, पण खोल्या आवरणाऱ्या किंवा बागेत काम करणाऱ्या मंडळींत कोणीतरी लडाखी असतेच आणि पाहुण्यांनी आदल्या दिवशी आवर्जून विचारले तर कणीक, सलगम आणि बटाटा याशिवाय त्याला काही वेगळे लागत नाही. पाहुणे मागतच नाहीत म्हणून हॉटेले करत नाहीत, आणि हॉटेले करत नाहीत म्हणून पाहुण्यांना त्याचे नावही ठाऊक होत नाही. आरक्षणाच्या वेळीच रात्रीचे जेवण वगळल्यास दर किती उतरतो आणि जेवण ठेवल्यास त्यात एक दिवस लडाखी ताट मिळेल का, हे दोन्ही प्रश्न लेखी विचारावेत.

मितभाषी

विचारायला हरकत नाही. मात्र तो दिवस पहिल्या दोन दिवसांत येणार नाही, एवढे मी आमच्या आरक्षणात आधीच लिहून घेईन.