ब्लॅक रिव्हरची जुनी झाडं: आधी पाणी पाहा

*घरचा ग्रुप*

स्वप्नील (रॉली, अमेरिका): काकाजी, तुम्ही इकडे आले की ऑक्टोबरातला एक शनिवार ब्लॅक रिव्हर नदीसाठी ठेवतो, इथल्याच नॉर्थ कॅरोलिनात आहे. तिथली थ्री सिस्टर्स नावाची दलदल. कॅनूनं, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या नावेनंच जावं लागते.

बाळूकाका (नवेगावबांध): किती जुनी झाडं हायेत?

स्वप्नील: बाल्ड सायप्रस. 2019 मध्ये छापलेल्या अभ्यासात एक झाड निदान 2,624 वर्षांचं निघालं. ‘निदान’ यासाठी, की म्हाताऱ्या बुंध्यांचा गाभा पोकळ असतो, तिथली वय सांगणारी वलयं मोजायला उरतच नाहीत.

दिनेशदादा (साकोली): पोकळ लाकडाची फळी निघत नाही, म्हणून या झाडांवर आराही चालला नसेल. वलयांसाठी झाड पाडत नाहीत बरं. पेन्सिलीहून बारीक नमुना पोकळ गिरमिटानं काढतात.

बाळूकाका: ते राहू दे. पाणी किती रायते?

स्वप्नील: तिथंच सगळं अडते. कमी असलं तर कॅनू वाळूवरून ओढत न्या. जास्त असलं तर नदी झाडांत पसरते, मुख्य धार सापडत नाही, अन् मुळांतून वर आलेले खुंट पाण्याखाली लपतात. पाणी चहासारखं काळसर, तळ दिसत नाही. टॉमाहॉक गावाजवळ यूएसजीएसचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्याचं, पाणी मोजायचं केंद्र आहे, निघायच्या आधी तिथली पातळी पाहायची.

बाळूकाका: धारेत नाव आडवी होऊन झाडाले टेकली, तर माणूस घाबरून झाडापासून दूर झुकते, म्हणजे धारेकडे. ती कड दबली की पाणी आत, नाव भरली अन् धारेनं खोडाले चिपकली. झुकायचं झाडाकडेच. खोड हातानं रेटायचं, फांदी धरायची नाही. माणूस लटकते, नाव खालून निघून जाते. आपल्या तलावात धार नाही, त्यामुळं डोंग्यावर ही सवय लागत नाही.

स्वप्नील: बरोबर. लांब कॅनू खुंटांत वळत नाही, म्हणून 12 फुटांच्या आतली घेऊ. लाइफ जॅकेट काठावरच अंगावर बांधायचं.

सुनंदाकाकू: मले पोहता येत नाही. कुठं बसू?

स्वप्नील: पुढं, काकू. वळवायचं काम मागच्याचं. तुम्ही लोंबत्या फांद्यांवर गांधीलमाशीचं पोळं आहे का तेवढं पाहायचं. सापही असतात, कॉटनमाउथ विषारी. खुंटावर हात टेकायचा नाही.

दिनेशदादा: फोनची रेंज?

स्वप्नील: भरवसा नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवतो. डबा बंद पिशवीत, पण पिशवीची दोरी पायात गुंतेल अशी बांधायची नाही.

बाळूकाका: शुक्रवारी रात्री पातळीचा आकडा इथंच टाकजो.