दरवर्षी टोचून घ्यायचं की एकाच लशीची वाट बघायची?

पेठेतला
जूनमध्ये आईला (वय ७४, दमेकरी) फ्लूची लस द्यायला नेलं. कंपाउंडरनं फ्रिजमधून डबी काढली. सवयीनं बारीक अक्षरं वाचली, तर ती गेल्या वर्षीची. वर म्हणतो, "सगळं सारखंच असतं हो काका."

सारखं नसतं, म्हणूनच तर ही भानगड. पुढच्या हंगामात फ्लूचे कुठले विषाणू फिरतील याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, बांधते. मग बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवायची, त्यात सहा महिने जातात. तेवढ्यात विषाणूनं रूप बदललं की पंचाईत. अमेरिकेत २०१४-१५ ला लशीची परिणामकारकता जेमतेम १९ टक्के भरली. चांगल्या वर्षी ४० ते ६०.

यावर उतारा म्हणून सगळ्या फ्लूंवर चालणाऱ्या 'सार्वत्रिक लशी'चं गाजर कधीपासून दाखवतायत. माझ्या मते हे मृगजळ आहे. इस्रायलच्या बायोंडव्हॅक्स कंपनीनं अशाच लशीची १२ हजारांवर लोकांवर तिसऱ्या टप्प्यातली चाचणी केली. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल आला: लस घेतलेले आणि न घेतलेले, आजारी पडण्यात फरक नाही. तोच पैसा आहे ती लस स्वस्तात आणि वेळेवर पोचवायला लावा.

उंबरठा
असहमत. एक चाचणी आपटली म्हणून कल्पनाच मोडीत? त्या लशीत विषाणूचे नऊ छोटे तुकडे एकत्र गुंफले होते. आता जोर आहे तो देठावर. विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन अळंबीसारखं असतं. वरची छत्री सतत बदलते, देठ फारसा बदलत नाही. आपलं शरीर मात्र नेमकं छत्रीवर तुटून पडतं. म्हणून छत्र्या अदलून-बदलून शरीराला देठाची ओळख पटवायची. माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात देठाविरुद्धची प्रतिपिंडं दीड वर्ष टिकलेली दिसली. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी तर फ्लूचे वीसही उपप्रकार एकाच एमआरएनए लशीत (काही करोना लशींचं तंत्र) घातले.

पेठेतला
आणि ती कोणाला टोचली? उंदरांना आणि फेरेटना (मुंगसासारखा प्राणी). अभिनंदन त्यांचं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर म्हणाल्या होत्या, एड्सची लस दोन वर्षांत चाचणीला तयार होईल. चाळीस वर्षं उलटली. जानेवारी २०२३ मध्ये एड्सच्या लशीची मोझॅइको ही चाचणीही गुंडाळली.

लॅबवाली
एचआयव्ही आणि फ्लू एका माळेत ओवू नका. एचआयव्ही आपल्या पेशींच्या जनुकांतच घर करून बसतो, शरीर त्याला सहसा हाकलू शकत नाही. फ्लू आठवड्याभरात हाकलतं. म्हणजे शरीराला विद्या येते, फक्त ती चुकीच्या जागी वापरली जाते.

देठाचा पुरावा हवाय? निसर्गानंच दिलाय. १९६८ च्या आधी जन्मलेल्यांचा लहानपणीचा पहिला फ्लू एच१ किंवा एच२ होता (एच म्हणजे हिमॅग्लुटिनिनचा प्रकार). बर्ड फ्लूचा एच५ त्याच गटातला. तो या मंडळींना कमी छळतो. एच७एन९ या दुसऱ्या गटातल्या बर्ड फ्लूमध्ये उलट झालं, म्हाताऱ्यांचे जास्त हाल. कधीही न भेटलेल्या विषाणूपासून हे संरक्षण आलं कुठून? यात देठाचा मोठा हात असावा, असं बरेच जण मानतात. गोम अशी की हा पहिला ठसा पुसता येत नाही. साठीतल्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला एकच लस सारखी लागू पडेल याची खात्री मीही देणार नाही.

चुलांगण
पेठेतले, दरवर्षीची लस आपल्याकडे चालणारच नाही हो! राष्ट्रीय लसीकरणात ती नाही. खासगीत दीड-दोन हजार, घरात माणसं पाच. आमच्या गावात गोवरच्या दुसऱ्या मात्रेसाठी आशाताई तीन-तीन चकरा मारतात, तेव्हा कुठे आई बाळाला घेऊन निघते. मोठ्यांना वर्षाच्या वर्षाला कोण गाठणार? पाच-दहा वर्षं टिकणारी लस अमेरिकेपेक्षा आपल्यालाच जास्त हवी.

आणि २००९ चं पुणं विसरलात? ऑगस्टात शाळा बंद, तोंडाला रुमाल. देशी लस आली २०१० च्या मध्यावर. तोवर पहिली लाट येऊन गेलेली.

पेठेतला
२००९ मान्य. तिथे मी गप्प. पण अमेरिकेच्या संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये सार्वत्रिक लशीचं जे उद्दिष्ट छापलं ते वाचा: ७५ टक्के परिणामकारक आणि किमान एक वर्ष टिकणारी. एक वर्ष! मग दरवर्षीच्या रांगेतून सुटका कुठे झाली?

लॅबवाली
'किमान' वाचलंत ना? आणि वर्षभर टिकली तरी अंदाज बांधणं सुटेल. फ्रिजमधली गेल्या वर्षीची डबी शिळी ठरणार नाही, मुदत संपेपर्यंत चालेल.

पेठेतला
हं. हा मुद्दा डोक्यात आला नव्हता.

चुलांगण
आईंना दिली का शेवटी?

पेठेतला
दिली, दुसऱ्या दवाखान्यात, ताजी. १९०० रुपये. दंड दोन दिवस दुखला म्हणून अजून बोलणी खातोय.