कासवाच्या आवारात कण्हेर लावायची म्हणे!

रानवाटा: काल इथं एकाने बिनधास्त लिहिलं, "सल्काटाच्या (म्हणजे मोठ्या आफ्रिकी कासवाच्या) आवाराभोवती कण्हेर लावा. बारमाही हिरवी, पाणी लागत नाही, कडू म्हणून कासव तोंड लावत नाही." वाचून डोकं फिरलं. ओलं पान कडू असतं, खरंय. पण गळून वाळलं की कडवटपणा उतरतो, विष तसंच राहतं आणि थेट हृदयावर जातं. कासव खातं ते जमिनीवर पडलेलंच ना! बिट्टीही नको. तुती, शेवगा, जास्वंद लावा, पान पडलं तरी खाद्यच.

बांधावरचा: ते मीच लिहिलं. आमच्या बांधाला वर्षानुवर्षं कण्हेर आहे. शेळ्या रोज जातात, एक दगावली नाही.

रानवाटा: शेळीला बांधभर दुसरा चारा असतो. कोंडलेल्या कासवाला काय असतं?

मृण्मयी_प: कण्हेर नकोच. पण तुतीचं एवढं कौतुक नको. फळांचा सडा पडला की आमचं कासव तिथून हलत नाही, मग दोन दिवस पातळ शी. सल्काटा साहेलमधलं, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं, गवतावर जगणारं. त्याला साखर झेपत नाही. आणि शेवगा? वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात फांदी कुंपणावर.

रानवाटा: शेवगा दरवर्षी छाटायचा असतो. तुतीची फळं झाडून काढा, एवढं तरी होईल ना?

मृण्मयी_प: नोकरी करून रोज झाडू? बरं, छाटणीचं मान्य. पण रोपाला आधी दगडांचं कडं करा, नाहीतर बुंध्याशीच बीळ खणतं.

आजोबा_सातारा: एवढा खटाटोप कशाला? आमचं स्टार कासव तुळशीपाशी सुखात फिरतं. वास्तूला चांगलं म्हणून आणलं.

मृण्मयी_प: आजोबा, ते पाळणं गुन्हा आहे! वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

आजोबा_सातारा: मला कायदा शिकवू नका. लेकरासारखं सांभाळलंय. आणि तुमचं परदेशी चालतं होय?

मृण्मयी_प: केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलीय त्याची. तुमच्या कासवाची नोंद होऊच शकत नाही. ते कुणीतरी रानातून उचलून विकलेलं आहे. तुम्ही घेता म्हणून ते उचलतात.

आजोबा_सातारा: जरा सौम्य बोलावं माणसानं. ठीक आहे, वनविभागाला विचारतो. पण नातीची समजूत कोण काढणार?

रानवाटा: वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. तोवर टेकडीवर वगैरे सोडून येऊ नका. घरातल्या कासवाचे आजार रानातल्यांना लागतात.